शालन नगरीची जाहिरात

चातुर्मास सरला आणि घरात वांगं सुटलं. चंपाषष्ठीच्या सकाळी भाग्यश्री मागच्या अंगणात चुलीवर भरताची वांगी भाजत बसली होती आणि तिचा एक कान गोठ्याकडे लागलेला होता. बंगल्यात गॅसच्या शेगड्या होत्या, पण खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत चुलीवरच व्हायला हवं, ही तिच्या सासूची, शालनबाईंची अट. पलीकडच्या टॉवरमधले लोक सोसायटीच्या ग्रुपवर धुराची तक्रार करतात, हे धाकटा दीर नवनाथ याने वाचून दाखवलं होतं. टॉवरची जमीन याच घराने विकलेली. त्यामुळे शालनबाई त्या तक्रारींकडे भाडेकरूंच्या कुरबुरीसारखं बघत.

पुनावळ्यात आता मोजक्याच घरांमागे गोठे उरले होते. सासरे मारुतराव यांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या आणि खुंटीला टांगलेला एक रेडिओ. धार काढताना रेडिओ लागलाच पाहिजे, नाहीतर म्हशी पान्हा चोरतात, असं मारुतरावांचं म्हणणं. म्हशींना गाण्यांची आवड होती की नाही कोण जाणे, मारुतरावांना मात्र नातीच्या आवाजाची होती. भाग्यश्रीच्या लेकीचा, तेजस्विनीचा, रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला की ते बादली घेऊन बसत आणि संपला की उठत. मधल्या वेळात तीन म्हशींची धार कुणीही दोनदा काढली असती.

दोन वर्षांपूर्वी याच अंगणात बापलेकीचं वाजलं होतं. रेडिओवरची नोकरी धरायची म्हणून तेजूने चाकणकडचं चांगलं स्थळ नाकारलं आणि भाग्यश्रीच्या नवऱ्याचं, रोहिदासचं डोकं फिरलं. ‘घरच्या पोरीचा आवाज बाजारात मांडायचा न्हाई. मांडायचा आसंल तर हितं पाय ठेवू नको,’ असं तो भावकीदेखत म्हणाला. पोरगी बापावरच गेलेली. तिने बॅग भरली आणि संत तुकाराम नगरला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. तेव्हापासून भाग्यश्री महिन्यातून दोनदा डोळे तपासायला पिंपरीला जायची. डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. पिशवीत जेवणाचा डबा असायचा, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

अशी ही व्यवस्था सुरळीत चालली होती. जिला घरात यायची बंदी, तिचा आवाज रोज गोठ्यात यायचा आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. शुक्रवारी तेजूच्या कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन असत. ‘कोण बोलतंय, कुठून बोलतंय?’ ती विचारायची आणि माणसं आपलं नाव-गाव सांगून गाण्याची फर्माईश करायची. त्यांत एक फोन असा यायचा की पलीकडचा माणूस बोलायचाच नाही. ‘बोला ना,’ ती म्हणायची आणि फोन कट. नंबर नेहमी तोच, तिला पाठ झालेला, म्हणून तिने त्याचं नाव ‘मुके काका’ ठेवलं होतं. एखाद्या शुक्रवारी फोन आला नाही तर ‘मुके काका आज कुठे गायब?’ म्हणून ती चौकशी करायची. शालनबाईसुद्धा पदराआड हसत. भाग्यश्री तेवढी हसत नसे. शुक्रवारी त्या वेळेला आपला नवरा प्लॉटिंगच्या साइटवरच्या कामगारांसाठी ठेवलेला लहान फोन घेऊन गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो, हे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. पाहिलं आणि पोटात ठेवलं.

काल तर त्याने कमालच केली होती. झोपताना म्हणाला, "उद्या तळी उचलायच्या येळंला रेडिओ मोठ्यानं लाव. सगळ्यांनी ऐकाया पायजे."

"काय हाय रेडिओवर?"

"ऐकशील की. आन भरीत जास्ती कर. पोरगी जेवाया येईल."

यापुढे तो काही बोलला नाही आणि पाठ फिरवून झोपला. भाग्यश्रीची झोप मात्र उडाली. तिने पहाटेच उठून दुप्पट वांगी काढली आणि तेजूला आवडतो तसा रोडगा लहान थापायचं मनाशी ठरवलं. फोन करून पोरीला विचारावं असं तिला दहादा वाटलं. पण बापलेकीनं एकदाचं आपापसांत जमवलं असेल तर आपण मध्ये बोलून नाट लावू नये, म्हणून ती गप्प बसली.

भावकी जमली. रोहिदासचा चुलतभाऊ चिमाजी सगळ्यांत आधी आला आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसला. रोहिदासने सामाईक बांधालगतच्या जमिनीवर ‘शालन नगरी’ नावाने प्लॉट पाडायला घेतले, तेव्हापासून चिमाजीच्या बोलण्याला धार आली होती. नवनाथ चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आला होता. प्लॉटिंगमध्ये त्याचीही भागीदारी होती आणि बुकिंग जोरात झालं की पाळीची नोकरी सोडायची, असं त्याचं ठरलेलं होतं.

मागच्या अंगणात, देवघराच्या दारासमोर घोंगडी अंथरली. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा ठेवला. रोहिदास, नवनाथ, चिमाजी आणि भावकीतले आणखी दोघे गुडघ्यांवर बसले आणि पाचांनी ताम्हनाला हात लावला. रोहिदासने घड्याळाकडे बघितलं. गोठ्यातला रेडिओ आज मांडवाच्या मोठ्या स्पीकरला जोडला होता.

"उचला की राव," चिमाजी म्हणाला. "देवाला मुहूर्त सांगायचा आसतो, देवाकडं मागायचा नसतो."

"थांब जरा. गाणं संपू दे."

गाणं संपलं. एक बासरी वाजली आणि तेजूचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला.

"मी तुमची तेजू. आज माझ्या घरची गोष्ट सांगते. पुनावळ्यात माझ्या आजीच्या नावाने एक नगरी उभी राहतेय. शालन नगरी. माझ्या पप्पांच्या मातीत, तुमचं हक्काचं घर!"

रोहिदासने ताम्हन उचललं. "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" बाकीचे ओरडले. ताम्हन वर गेलं. भंडारा उधळला. शालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पोरगी गेल्यावर ‘बरं झालं, ब्याद गेली’ म्हणणाऱ्या त्याच होत्या, पण अख्ख्या शहराला आपलं नाव ऐकू गेल्यावर माणूस किती दिवस रागावणार?

"पप्पा म्हनली," त्या भाग्यश्रीला म्हणाल्या. "ऐकलंस का गं? पप्पा म्हनली."

भाग्यश्रीने ऐकलं होतं. हातातली राख तिने लुगड्याला पुसली, नवं लुगडं आहे हे विसरून. तिला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सापडेना. आवाज तेजूचाच होता. फक्त ‘पुनावळ्यात’ म्हणताना पोरगी नेहमी जरा थांबायची, ठेच लागल्यासारखी. आज ती थांबली नव्हती.

ताम्हन दुसऱ्यांदा वर गेलं आणि तेवढ्यात रेडिओवर पुन्हा तोच आवाज आला. या वेळी मागे बासरी नव्हती.

"नमस्कार. मी तेजस्विनी. आत्ता तुम्ही जी जाहिरात ऐकलीत तिच्यातला आवाज माझा आहे. पण ते मी बोललेले नाही. मीसुद्धा ती तुमच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकली."

पाचही जण ताम्हन वर धरून तसेच राहिले.

"पावसाळ्यात आमच्या स्टेशनने मला दुपारी बसवून खूप वाक्यं वाचून घेतली. मशीन तपासायचंय म्हणाले. मी वाचली. आता मशीन माझ्या आवाजात काहीही बोलू शकतं. आज ते माझ्या वडिलांना पप्पा म्हणालं." ती थांबली. हे थांबणं भाग्यश्रीने ओळखलं. "माझे वडील म्हणाले होते, घरच्या पोरीचा आवाज बाजारात मांडायचा नाही. मी भांडले त्यांच्याशी. कारण मी आवाज मांडला नव्हता, मी काम करत होते. आज मात्र तो विकला गेलाय. आणि घेणारं गिऱ्हाईक कोण, ते तुम्ही ऐकलंच. पप्पा, मी बोलावं असं वाटत होतं तर मला सांगायचं होतं. माझा नंबर बदललेला नाही."

स्पीकरमधून कुणीतरी स्टुडिओची काच ठोठावल्याचा आवाज आला.

"हा माझा शेवटचा कार्यक्रम. नोकरी मी आत्ता, इथेच सोडतेय. उद्यापासून या स्टेशनवर माझा आवाज कानावर आला तर ओळख देऊ नका, ती मी नसेन. आजोबा, म्हशींना सांगा. मुके काका, काळजी घ्या."

आणि मधूनच एक लग्नातलं गाणं सुरू झालं. ढोल-ताशासकट.

तळी तिसऱ्यांदा उचलायची राहिली होती. अर्ध्यात खाली ठेवायची तर अपशकुन, आणि उचलायची तर येळकोट म्हणायला कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी चिमाजीच पुटपुटला, "जय मल्हार," आणि मयताला खांदा दिल्यासारखं त्या पाच माणसांनी ताम्हन वर नेऊन खाली ठेवलं.

भावकीला त्या दिवशी फार कामं निघाली. कुणाला टँकर घ्यायचा होता, कुणाच्या पोराची क्लासची वेळ झाली होती. चिमाजी तेवढा भरीत-रोडगा पोटभर जेवला. हात धुताना म्हणाला, "रोहिदास, लेकीचा आवाज भाड्यानं मिळतो हे आमाला ठावंच नव्हतं. न्हाईतर आमीबी एखादी जाहिरात दिली आसती." आणि तोंडात सुपारी टाकून गेला.

घरची माणसं उरली. रोहिदास घोंगडीवरच बसून होता, कपाळावर भंडारा तसाच. नवनाथच्या हातातला फोन सारखा किणकिणत होता.

"सगळ्या ग्रुपवर फिरतंय," तो म्हणाला. "क्लिप कापून टाकलीय लोकांनी. बुकिंगवाले मला विचारतायत. दादा, तू हे केलंस काय नक्की?"

"स्टेशनचा मॅनेजर म्हनला, तेजूच्या आवाजात करून देतो. तिला यायची गरज न्हाई." रोहिदास घोंगडीकडे बघत बोलत होता. "मला वाटलं, बरंय. आजीचं नाव ऐकून येईल जेवाया. तिला इचारायचं म्हंजे…"

"म्हंजे काय?" शालनबाईंनी विचारलं.

"म्हंजे इचारावं लागलं आसतं."

भाग्यश्रीला नवऱ्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. या माणसाने पोरीच्या तोंडून ‘पप्पा’ ऐकण्यासाठी काय खटपट केली होती! फक्त पोरीकडे जायचं तेवढं टाळलं होतं.

"वहिनी," नवनाथ म्हणाला, "तुमीच तिला समजवा. एवढं म्हन म्हणावं की गैरसमज झाला. एक व्हिडिओ टाक म्हणावं." हाच नवनाथ आजवर तेजूच्या बाजूने भांडायचा. तिची बॅग मोटारसायकलवरून पोचवणाराही तोच.

"माझ्या नातीनं का म्हनायचं?" शालनबाई एकदम उसळल्या. "नाव माझं, आन बोलनार मशीन? उद्या मी मेल्यावर रडायलाबी मशीन बसवशीला!"

नवनाथ आईकडे बघतच राहिला. घरात कोण कुणाच्या बाजूने, याची मांडणी सकाळपासून अशी उलटीपालटी झाली होती की त्याला आपली जागा सापडेना. तो म्हणाला, "दादा, त्या मॅनेजरला तरी लाव फोन."

रोहिदासने फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून नवनाथने स्पीकर चालू केला. मॅनेजरचं नाव निरंजन. आवाज गोड होता.

"साहेब, मीच करणार होतो फोन. झाल्या प्रकाराबद्दल सॉरी. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. मुलगी गेली तरी आवाज आपल्याकडे आहे. सकाळचा शो उद्यापासून त्याच आवाजात चालू राहील, ऐकणाऱ्याला फरकसुद्धा कळणार नाही. तुमच्या जाहिराती ठरल्याप्रमाणे लागतील."

"आन हे जे ती बोलली ते?"

"त्याचंही करू. हवी तर माफी मागायला लावतो उद्या सकाळी, तिच्याच आवाजात. कशा शब्दांत पाहिजे तेवढं मला लिहून पाठवा."

नवनाथने मान वर केली. "दादा," तो हळूच म्हणाला, "काम झालं की मग."

भाग्यश्री रोहिदासच्या तोंडाकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आता काय बोलणार हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत नव्हतं. त्याने हो म्हटलं तर पोरगी या घरात पुन्हा येणार नाही, आणि मग आपणही डोळे तपासायला म्हणून जाऊन परत यायचं की नाही ते बघू, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मारुतराव तोवर गोठ्याच्या दारात येऊन उभे होते.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "मग रोज सकाळी बोलायची ती कोण हुती? काल बोलली ती? परवा म्हशीला काय खायला घालता म्हनून इचारलं, ती तरी आपलीच का?"

"आपलीच मामा," भाग्यश्री म्हणाली. "कालपातुर आपलीच हुती."

"आन उद्या?"

याचं उत्तर द्यायचं काम तिचं नव्हतं. म्हाताऱ्याने नजर मुलाकडे वळवली. फोनमधून निरंजन ‘हॅलो, हॅलो साहेब’ करत होता.

"जाहिरात बंद करा," रोहिदास म्हणाला. "समद्या. आन माज्या पोरीच्या आवाजाला परत हात लावला तर मी तितं यीन. आवाज माजा सोताचा घिऊन यीन." त्याने फोन ठेवला.

नवनाथ काहीतरी बोलणार होता, पण आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो वांग्याच्या टोपलीशेजारी गप्प बसला. एवढ्या वांग्यांचं भरीत आता कोण खाणार, असा हिशेब तो करत असावा.

"लाव फोन पोरीला," रोहिदास भाग्यश्रीला म्हणाला.

"मी न्हाई लावनार."

"आगं लाव. सांग तिला, जाहिरात बंद केली म्हनावं."

"दोन वर्सं तुमचं न बोललेलं मीच तिकडं पोचवतीय." भाग्यश्रीचा आवाज चढला नाही. उलट तो इतका साधा निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "थंडीचं स्वेटर तुमी घेतलं, दिलं मी. ताप आला तवा डाक्टर तुमी सांगितला, आन नाव घेतलं मी नवनाथभावजींचं. मशीन आज आलंय वो. त्याच्या आदी तुमी मलाच वापरत हुता. आता दोनी बंद."

रोहिदास उठून उभा राहिला. खिसे चाचपले.

"मला जमत न्हाई फोनवर. तुला ठावं हाय."

"शुक्रवारी लावता तसा लावा," ती म्हणाली.

शालनबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बया," त्या म्हणाल्या, "ते मुकं आपलंच व्हय?" कुणी हसलं नाही.

रोहिदासने बायकोकडे पाहिलं. तिला किती दिवसांपासून माहीत आहे, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने विजारीच्या खिशातून तो लहान फोन काढला. मोठा फोन घोंगडीवर तसाच पडून होता. सवयीने तो गाडीच्या मागे जायला निघाला, पण भाग्यश्री वाटेतच उभी होती आणि ती हलली नाही. मग तो आहे तिथेच थांबला आणि बटणं दाबली.

मारुतराव लगबगीने गेले आणि त्यांनी स्पीकरची वायर ओढून काढली. रेडिओवरची गाणी बंद झाली. अंगणात एकदम इतकी शांतता झाली की लहान फोनमधली रिंग भाग्यश्रीलाही ऐकू येऊ लागली.

फोन उचलला गेला. पलीकडे रस्ता होता, रिक्षांचे हॉर्न होते. पोरगी स्टेशनच्या बाहेर पडून कुठेतरी चालत असावी. चालताना रडली की तिला धाप लागते, लहानपणापासूनचं आहे.

"आज शुक्रवार नाहीये, काका," तेजू म्हणाली.

रोहिदासने ओठ उघडले आणि मिटले. भाग्यश्रीने चुलीजवळची फुंकणी उचलली आणि तशीच हातात धरली. आता हा फोन कट करणार, नेहमीसारखा. तिला त्याचा अंगठा दिसत होता. तो बटणावर गेला होता.

पलीकडून तिने विचारलं, शुक्रवारी अख्ख्या शहराला विचारायची तसंच, पण खूप हळू.

"कोण बोलतंय? कुठून बोलतंय?"

"मी," तो म्हणाला. "रोहिदास बोलतोय. पुनावळ्यातून." त्याचा अंगठा बटणावरून निघाला. "घरून बोलतोय, तेजू."

आता पलीकडून शब्द येईना. रिक्षांचे हॉर्न तेवढे येत राहिले. नुसतं ‘बोला ना’ म्हणायचं असतं अशा वेळी, हे रोहिदासला पोरीनेच दर शुक्रवारी शिकवलं होतं, पण तेही त्याला आठवलं नाही. तो फोन कानाला लावून उभा राहिला. भाग्यश्रीने निखारे पुढे ओढले आणि रोडग्याचं पीठ मळायला घेतलं. एकदा तिने मान वर करून बघितलं. त्याने फोन ठेवला नव्हता.